पिसापिसाला कड

एका राज्यात कशालाच कड उरली नव्हती. म्हणजे कसं, ऐका. ताटाला काठ नाही, शेताला बांध नाही, लुगड्याला किनार नाही. आमटी वाढावी तर ती ताटातून उतरून अंगणात चालती होई.

हे सगळं राजाच्या चिक्कूपणामुळे. विकटसेन मांत्रिकाला त्याने भर दरबारात शाल दिली, ती जरीची किनार कापून घेऊन. मांत्रिक म्हणाला, "राजा, किनारीत हात आखडलास. आता कोंबडीच्या पिसांवरची सोडली तर तुझ्या राज्यात कड म्हणून राहणार नाही. जिच्या पिसापिसाला अखंड काळी कड आहे, अशी कोंबडी माझ्यापुढे उभी राहील तेव्हाच शाप उतरेल. अंगाने बेढब किंवा तुऱ्याने वेडीवाकडी असली, तर मी तिच्याकडे पाहणारसुद्धा नाही."

बाकीच्यांची आमटी सांडली, हौसाचा संसारच सांडला. तिचा नवरा भिवजी नावाडी. शाप लागला त्या घडीला तो नदीच्या मध्यावर होता. नदीला काठच नाही, तर नाव टेकणार कुठे? तो वल्हवत राही आणि पाणी पुढे सरकत राही. हौसा रोज भाकरी पाण्यावर सोडी, ती आपली आपण त्याच्याकडे जाई. मग धुक्यातून हाक येई, "हौसे, काठ आला का गं?"

"नाही अजून," ती ओरडून सांगे, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला वळे. तेवढ्यात डोळे भरून येत.

एके सकाळी शेवग्यावर भारद्वाज येऊन बसला. म्हणाला, "बाई, तशी कोंबडी घडवायची तर तीन कामं, तीन वर्षं. आधी अंग, मग तुरा, शेवटी रंग. क्रम चुकलीस तर पुन्हा पहिल्यापासून."

"असं का?" हौसाने विचारलं. तिला मेलीला प्रत्येक गोष्टीत 'असं का' विचारायची खोड होती. भारद्वाज उडून गेला.

पहिल्या वर्षी ती राक्षसिणीच्या दारी गेली. तिथे पाटासारख्या रुंद पाठीची कोंबडी होती. "बदल्यात काय देशील?" राक्षसिणीने विचारलं. "तुझ्या कोंबड्यांच्या पायांना खरूज झालीय. ती बरी करीन," हौसा म्हणाली. तिने महिनाभर निंबोळीचं तेल चोळलं आणि कोंबडी घेऊन आली.

दुसऱ्या वर्षी बोलत्या डोंगरावर. तिथल्या कोंबड्याचा तुरा गुलाबकळीसारखा घट्ट, डोक्याला बसलेला. डोंगर कुणालाच वाट देत नसे. पण हौसाने त्याला इतके प्रश्न विचारले, की शेवटी कंटाळून त्यानेच कोंबडा तिच्या पदरात टाकला.

तिसरं वर्ष रंगाचं. त्या दोघांच्या पिल्लांतून गडद कडेचा नर, फिक्या कडेची मादी, अशी जोडी तिने लावली. दोन्ही गडद घेतले तर कड पसरून सगळं पीस काळं होतं, हे तिला ठाऊक होतं. अकरा पिल्लं निघाली. महिन्याची झाली तसे राजपारखी नरहरपंत रेशमी उपरणं सावरत आले. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कोंबड्यांची पारख चाले.

"या पाचांना कडा दिसताहेत, ही ठेव. ही सहा मळकी मुदपाकखान्यात पाठव."

"पंत, यातली एक राहू द्या. पाठ रुंद आहे हिची, तुराही नीट आहे."

"रंग मळका आहे. कशाला हवी?"

"पाहू तरी काय होतंय."

पंत हसले आणि उरलेली पाच मळकी पिल्लं मुदपाकखान्यात घेऊन गेले.

पुढे पिल्लांना झड लागली, जुनी पिसं गळून नवी येऊ लागली. ठेवलेल्या पाचही जणींच्या कडा पसरल्या आणि त्या काळ्याठिक्कर झाल्या. हौसा अंगणात बसून ढसाढसा रडली. नदीवरची हाक आताशा क्षीण झाली होती. मळकी तर झडून अगदी सोललेली दिसे. तरी हौसा रोज तिला मांडीवर घेऊन न्याहाळी. आणि एक दिवस सोनेरी पीस फुटलं, त्याला काळी कड. मग दुसरं, मग तिसरं. पिल्लाचा पहिला अंगरखा खरा नसतो, हे पंतांच्या तीन पिढ्यांना कळलंच नव्हतं. मळकं पिल्लू झडेपर्यंत त्यांनी कधी ठेवलंच नव्हतं ना.

हौसाने ती कोंबडी दरबारात नेली. मांत्रिकाने पाठ पाहिली, तुरा पाहिला, मग एकेक पीस उलगडलं. डाव्या पंखाखाली त्याचं बोट थांबलं.

"या पिसाला कड नाही."

राजाने मान खाली घातली. हौसा मात्र पुढे झाली. "महाराज, मला पाहू तरी द्या."

पीस नवं होतं, अजून पांढऱ्या नळीत मिटलेलं. तिने ती नळी दोन बोटांत हळूहळू चोळली. कोंड्यासारखी साल गळाली, पीस उलगडलं, आणि भोवती काळी कड निघाली, कुठेही न तुटलेली.

मांत्रिकाने त्या कडेवरून बोट फिरवलं. "शाप उतरला," एवढंच म्हणाला. राजाने स्वतःच्या खांद्यावरची किनारीची शाल त्याला पांघरली. मुदपाकखान्यात ताटांना काठ आले, शेतांत बांध उठले. हौसा ते पाहायला थांबलीच नाही. कोंबडी काखेत मारून ती नदीकडे धावली.

पाण्यातून माती वर येत होती. धुक्यातून नाव आली आणि ठक्कन आपटली. भिवजीची दाढी छातीपर्यंत वाढली होती. त्याने एक पाय मातीवर ठेवला, पण दुसरा उचलेना.

"हौसे, काठ आला का गं?"

हौसाने कोंबडी खाली सोडली, नावेचा दोर ओढून खुंटाला बांधला आणि त्याचा हात धरला.

नाव टेकली, गोष्टही टेकली.