त्रेचाळीस पानं

"मग आता मी कुणाला काढू, मास्तर?"

शलाकानं हे तिसऱ्यांदा विचारलं. मास्तरांनी मान वळवली नाही. ते तालमीच्या फळ्यापुढं पाठमोरे उभे राहून खडू चालवत होते.

कोल्हापुरातल्या त्या चौकात बातमी आधी फळ्यावर उमटायची, मग घराघरांत पोचायची. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची पोरगी सीए झाली, कुणाच्या घरी कोण गेलं. रंगनाथ मास्तर महानगरपालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले, तेव्हापासून फळा त्यांच्याकडं आला. आताशा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तरी ओळ वाकडी जायची नाही.

शलाका त्यांची सातवीपासूनची विद्यार्थिनी. हात लांब करायचा, पेन्सिल उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि समोरच्या माणसाचं माप घ्यायचं, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ती चित्रकलेच्या कॉलेजात गेली तेव्हा नियमही त्यांनीच घालून दिला.

"गावभर फिरून दहा माणसं काढत बसू नको. एक माणूस धर. वर्षभर तेच काढ."

तिनं धरलं. चौकाच्या पलीकडं एक फोटो स्टुडिओ होता, कधीचा बंद पडलेला. त्याच्या पायरीवर पोतं अंथरून एक बाई लिंबं विकायला बसायची. समोरच्या कट्ट्यावर शलाका. दर गुरुवारी एक चित्र. एकच वही, एकच जागा, एकच बाई.

"नुसतं गप्प राहू नका हो मास्तर. शनिवारी प्रदर्शन आहे. पंचेचाळीस चित्रं सांगून बसलेय मी, झालीत त्रेचाळीस. आणि ही बाई येतच नाही. मागचा गुरुवार कोरडा गेला, आज दुसरा. असं मधेच कुणी सोडून जातं का?"

खडू जरा थांबला. मग पुन्हा चालू लागला.

"जातात की," मास्तर म्हणाले.

शलाकानं फळ्याकडं पाहिलं. वर 'दुःखद निधन' लिहून झालं होतं. खाली नाव होतं, हौसाबाई मारुती लोखंडे, वय ५१. त्याच्या खाली मास्तर लिहीत होते, अंत्ययात्रा आज सकाळी अकरा वाजता.

"मास्तर, 'ह' काय देखणा आलाय!" ती म्हणाली. "ती खालची शेपटी... आमच्या कॉलेजात एकालाही जमणार नाही."

"होय?"

"खरंच. आणि मी काय म्हणत होते, याच्या खाली वीतभर जागा उरतेय. तिथं माझं लिहाल? प्रदर्शनाचं नाव आणि वेळ. एवढंच."

"नाव काय म्हणालीस?"

"'शहर श्वास घेतं'."

मास्तरांनी 'अकरा'वरची शिरोरेघ ओढली.

इतक्यात तिच्या कानाशी रिक्षाचा भोंगा वाजला. शलाका अशी दचकली, की काखेतली वही थेट रस्त्यावर पडली.

"ओ ताई, फळ्याम्होरनं जरा सरका की!" रिक्षावाला ओरडला. "कोण गेलं ते तरी वाचू दे माणसाला!"

ती बाजूला झाली. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून वाचलं.

"हौसाबाई... लोखंडे... कोण वो मास्तर ही?"

"चौकातलीच."

"आपल्याला न्हाई बा म्हाईत." त्यानं तरी एकदा छातीला हात लावला आणि रिक्षा निघून गेली.

शलाका अजून रिक्षा गेली तिकडं बघत होती. आपण भित्र्या आहोत हे तिला ठाऊक होतं. कुकरची शिट्टी झाली तरी तिच्या हातातली पेन्सिल घसरायची. म्हणून तर ती बाई तिला आवडायची. बाईपुढं बसलं की सगळं शांत होऊन जायचं. बाई काही विचारायची नाही. कट्ट्यावर बसणाऱ्या पोरीला एकदोनदा तिनं फुकट लिंबू देऊ केलं होतं. शलाकानं ते घेऊन आधी त्याची सावली काढली होती.

मास्तर खाली वाकले. वही उचलली, धोतराच्या सोग्यानं पुसली.

"पेपरात आलंय माझ्याबद्दल," ती म्हणाली. मास्तरांनी आपण होऊन विचारलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. "तुमचंही नाव घेतलंय मी. वाचू?"

"वाच."

तिनं मोबाईल काढला. स्वतःचंच वाक्य वाचताना तिचा आवाज जरा बदलला.

"'प्रेरणा शोधायला हिमालयात जावं लागत नाही. ती आपल्याच चौकात, रोज, पोत्यावर बसलेली असते.'"

"झकास," मास्तर म्हणाले.

शलाकाला ते झकास काही झकास वाटलं नाही. तिला दुसरंच ऐकायचं होतं. 'हात आहे तुझा.' हे तीन शब्द मास्तर कुणाला म्हणत नसत. एकतीस वर्षांत तिघांना म्हणाले, असं शाळेत सांगायचे. सातवीपासून ती चौथी व्हायची वाट पाहत होती. फळ्यावरची वीतभर जागा हे निमित्त होतं. वही घेऊन ती आली होती त्या तीन शब्दांसाठी.

"पानं अजून सोडवली नाहीस वहीतनं?"

"उद्या देणार फ्रेमवाल्याकडं."

"बरं झालं."

मास्तरांनी वही डोळ्यांजवळ धरली. उघडली मात्र नाही. उजव्या हाताचा अंगठा पानांच्या कडेवर ठेवला, वही जराशी वाकवली आणि अंगठा ढिला केला.

फर्रर्र...

एकच जागा, एकच पायरी, एकच शटर. त्यामुळं बाकी काही हललं नाही. फक्त बाई हलली.

"अय्या!" शलाका टाळी वाजवून हसली. "मास्तर, ती हलतेय! माझ्या लक्षातच नाही आलं कधी. पुन्हा करा ना!"

मास्तरांनी पुन्हा केलं. या वेळी सावकाश.

बाई ताठ बसली होती. हनुवटी वर, तोंड उघडं, ओरडत होती. मग तोंड मिटलं. खांदा खाली आला. पाठ शटरला टेकली. हात मांडीवर पडले. पदर तोंडाशी गेला आणि तिथंच राहिला. मान कलली, आणखी कलली... वही मिटली.

शलाका हसत होती, पण आवाज येत नव्हता.

"पुन्हा करू?"

"...नको."

मास्तरांनी पुन्हा केलं.

त्रेचाळीस गुरुवार. फर्रर्र म्हणेपर्यंत संपले.

"पाय बघ," मास्तर म्हणाले आणि वही तिच्या हातात दिली.

तिनं पानं उलटली. एकेक.

"सुजलेत."

"कुठल्या पानापासून?"

"सोळा... नाही, चौदा. इथं चपलेचा पट्टा रुतलाय. विसाव्यात चपला काढून ठेवल्यात."

"कुणी काढलेत हे पाय?"

"मी."

"हातातलं कडं?"

पितळी कडं होतं ते. पहिल्या पानावर मनगटात घट्ट बसलेलं. दहाव्यात सैल. तिसाव्यात ते सरकून निम्म्या हातावर आलं होतं. चाळिसाव्या पानावर कोपराजवळ. किती नेमकं काढलं होतं तिनं! कड्याची चमक दाखवायला कागद कोरा सोडला होता.

"मला वाटलं..." शलाका म्हणाली. "शटरच्या सगळ्या उभ्या रेघा होत्या ना. त्यात ती तिरपी बसायला लागली, तर मला वाटलं चित्राला तोल येतोय."

"आलाय की."

"मास्तर..."

"खोटं सांगत नाही. एक रेघ खोटी नाही तुझी. डॉक्टरपुढं ठेवली असती ही वही, तर त्यानं तपासायच्या आधी औषध लिहून दिलं असतं." मास्तरांनी खडूची भुकटी बोटांवरून झटकली. "हात आहे तुझा."

सात वर्षं वाट पाहिली होती. शब्द आले, तेव्हा शलाका पानावरच्या पायांकडं बघत होती.

चौकात दूधवाल्याच्या किटल्या वाजल्या. ती पुन्हा दचकली.

"अडतिसावं काढ," मास्तर म्हणाले.

ते शोधावं लागत नव्हतं. तेच चित्र निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं. बाईचा उजवा हात पुढं आलेला, बोटं उघडी, तळव्यावर ऊन. कॉलेजातले सर म्हणाले होते, या हातात अख्खं शहर आहे.

"हा हात कुणाकडं केलाय तिनं?"

शलाकानं पान उन्हाकडं धरलं.

"गिऱ्हाईकाकडं?"

"गिऱ्हाईक नव्हतं."

"मग समोर कोण होतं?"

शलाकानं ओठ चावला.

"मी."

"काही म्हणाली?"

"रस्त्यावर आवाज होता फार. ऐकू आलं नाही नीट. पाणी म्हणाली असेल. नाहीतर... उठव म्हणाली असेल."

"तू काय म्हणालीस?"

ती फळ्याकडं बघू लागली. 'ह'ची शेपटी तशीच होती. देखणी.

"सांग की."

"मी म्हटलं... मावशी, तसाच ठेवा हात. दोनच मिनिटं."

"ठेवला?"

"ठेवला."

"किती वेळ?"

शलाकानं वही मिटली. मग एवढंच म्हणाली,

"चित्र पुरं होईपर्यंत."

मास्तर फळ्याखालच्या कट्ट्यावर बसले. बसताना गुडघ्यांवर हात ठेवावे लागले.

"मला इथनं ती बाई दिसायची नाही बघ," ते म्हणाले. "डोळे गेलेत माझे. नुसतं पिवळं दिसायचं, लिंबांचा ढीग. सकाळी फळा पुसताना पिवळं दिसलं, की म्हणायचं, आली. मागच्या सोमवारी दिसलं नाही. मंगळवारी दिसलं नाही. बुधवारी रस्ता ओलांडला आणि विचारत विचारत गेलो."

"कुठं?"

"तिच्या घरी. घर कुलूपबंद. शेजारणीनं सांगितलं, दवाखान्यात नेलंय."

"मग?"

"दवाखान्यात गेलो. पडल्या पडल्या बाईंनी ओळखलं मला. म्हणाल्या, फळेवाले ना तुम्ही? मग म्हणाल्या, उद्या गुरुवार, ती कट्ट्यावरची पोरगी बसेल वाट बघत, तिचं चित्र अडेल."

शलाकानं वही काखेत मारली.

"कशा आहेत आता? कुठल्या वॉर्डात आहेत? मी जाते, मी आत्ता..."

मास्तर उठले. खडू घेतला. फळ्याची एक जुनी रीत होती. कागदावरच्या नावानं गल्ली ज्याला ओळखत नाही, त्याचं हाकेचं नाव खाली कंसात लिहायचं. म्हणजे लोकांना कळतं, मसणवाटेत कुणासाठी जायचं.

शलाकानं मागितलेल्या वीतभर जागेत मास्तरांनी कंस काढला. आत लिहिलं,

लिंबूवाल्या मावशी.

कंस मिटवला.

शलाकानं ते वाचलं. मग वरचं वाचलं. मघाशी तिनं फक्त 'ह' पाहिला होता. आता ती सगळी ओळ वाचत गेली. हौसाबाई. मारुती. लोखंडे. एक्कावन्न. मनातल्या मनात तिनं बाईला सत्तरीची धरलं होतं. सुरकुत्या तशा काढल्या होत्या.

चौकातल्या घड्याळात साडेदहा झाले होते.

शलाकाच्या काखेतली वही निसटली. फळ्याचा खांब धरायला गेली तर तो हाताला लागेना. ती तिथंच, रस्त्याच्या कडेला, गुडघ्यांवर बसली. रिक्षा भोंगे वाजवत जात होत्या. या वेळी ती दचकली नाही.

"मास्तर..." तिनं उजवा हात त्यांच्याकडं केला. बोटं उघडी. "मास्तर, मला जरा..."

मास्तरांनी वळून पाहिलं.

ते दोन पावलं मागं सरले. हात लांब केला. खडू उभा धरला. एक डोळा मिटला.

"तसाच ठेव हात," मास्तर म्हणाले. "दोनच मिनिटं."