तांब्याचा बिल्ला

नदीकाठच्या एका छोट्या संस्थानात दारूपायी रोज डोकी फुटत. दिवाण भास्करपंतांनी फर्मान काढलं, ज्याच्या गळ्यात परवान्याचा तांब्याचा बिल्ला, त्यानेच प्यावी. बिल्ला हवा त्याने सकाळी अंघोळ करून कचेरीत यावं, आखलेल्या रेघेवरून सरळ चालावं आणि सुईत दोरा ओवून दाखवावा. परीक्षा पंत स्वतः घेत, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

भादव्यात राणू नावाड्याची नाव उलटली आणि तो बुडाला. भरपूर प्यायला होता. त्याची बायको गोजरा बिल्ला परत करायला भर दरबारात आली. राजेसाहेबांनी पंतांकडे पाहिलं.

"परीक्षेत खोट नव्हती, सरकार," पंत ताठ मानेनं म्हणाले. "पहिल्याच खेपेत सुई ओवली होती त्यानं."

"ओवली असेल," गोजरा म्हणाली. "पण पंत, तुम्ही पारखलात तो सकाळचा राणू. त्याच्या हातून नाव कधीच उलटली नसती. पिऊन ज्यानं वल्हं धरलं, त्याची परीक्षा कुठं घेतलीत?"

"प्यायलेल्याची परीक्षा?" पंत तडकले. "अगं, त्यात एकही जण उतरायचा नाही!"

"हे ठाऊक होतं, तर बिल्ला का दिलात?"

बिल्ले त्याच दिवशी बंद झाले. पंतांना मात्र ती सकाळ आठवत राहिली. सुई ओवून राणू लाजून हसला होता, आणि त्याची पाठ थोपटून बिल्ला त्यांनीच गळ्यात घातला होता.