बूड न उचलण्याचा खेळ

मळणीयंत्रात पाय गेल्यापासून शेवंता घोलप बसून खेळायचं व्हॉलीबॉल एकटीच भिंतीशी खेळे. संघ जमवायचा तर क्रीडासंकुलाचा हॉल हवा. ती तो मागायला गेली, तेव्हा संकुलाचे अध्यक्ष भाऊसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, “बसून खेळण्यात काय अवघड गं?”

“चेंडू मारताना बूड जमिनीवरून उचललं की पॉइंट गेला. तुम्हाला कप्तान करावं म्हणते, भाऊसाहेब. अठरा वर्षं खुर्चीत आहात, बूड तसूभर उचललं नाही.”

कारकून फिस्सकन हसला. भाऊसाहेबांनी हॉलची किल्ली पुढं सरकवली.

मंगळवारी शेवंतानं जाळी खाली बांधली, चेंडू पलीकडं मारला आणि सरपटत जाऊन स्वतःच आणला. पलीकडची बाजू अजून रिकामी आहे. घरी अंडी उबवत बसलेल्यांनो, तिथंही बसायलाच बोलावलंय.