सावरीवरची हाक

रानात अजून पायवाटाही पडल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. सावरीच्या शेंड्यावर कवळी नावाची वानरी पहाऱ्याला बसली होती. खाली गवतातून बिबट्या सरपटत होता; वानरांकडे नाही, एका हरणाच्या पाडसाकडे.

पोरवयात कवळी आईच्या चापटीच्या धाकाने पहारा करायची, पुढे टोळीने शाबास म्हणावं म्हणून.

"परक्यांसाठी ओरडायचं नाही," टोळीचा हुप्प्या दात विचकून कुजबुजला. "बिबट्या आपल्याकडे वळेल. ओरडलीस तर मारून हाकलून देईन."

म्हणजे आज ओरडलं तर मार होता आणि गप्प राहिलं तर शाबासकी.

कवळी ओरडली. पाडस उधळलं. बिबट्याने मान वर करून तिच्यावर डोळे रोखले. तरी ती पुन्हा ओरडली. गवतात दुसरं पाडस अजून झोपेतच होतं.