लाल किल्ल्याची घरपट्टी

सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या हेमलता झांबरे बेदाण्याचे देठ काढणारं यंत्र बनवून आसपासच्या गावांत विकत. दिल्लीच्या एका बड्या कंपनीने त्यांच्यावर पेटंट चोरल्याचा दावा ठोकला, तोही दिल्लीत. तिथे खेटे घालायचे म्हणजे कारखान्याला कुलूपच!

पहिल्याच तारखेला दिल्लीच्या कोर्टात कंपनीचे वकील ऐटीत म्हणाले, "यांची जाहिरात दिल्लीत मोबाईलवर दिसते. म्हणजे यांचा धंदा दिल्लीतच चालतो!"

हेमलताबाईंनी न्यायाधीशांपुढे हात जोडले. "साहेब, मला तासगावात बसून मोबाईलवर लाल किल्ला दिसतो. मग आमच्या नगरपालिकेने त्याला घरपट्टी लावावी का?"

न्यायाधीशांना हसू आवरेना. "वकीलसाहेब, यांनी दिल्लीत एक तरी यंत्र विकलंय?"

"नाही, साहेब," वकील कागद आवरत पुटपुटले.

"मग सांगलीच्या कोर्टात जा."

बाहेर येताच हेमलताबाईंनी कारखान्यात फोन लावला, "कामाला लागा रे, मी निघाले!"