फुकटची कोळंबी

मासळी कुठे लागते ती जागा कोळी सख्ख्या व्याह्यालाही सांगत नाही. आणि शहरातल्या बड्या इंटरनेट कंपनीचे देवस्थळी साहेब भर कोळीवाड्यात उभे राहून नेमकी तीच मागत होते! होडीवर मोबाइल चालू ठेवायचा, म्हणजे त्यातलं ॲप जागा आपोआप टिपून कंपनीला कळवणार. बदल्यात हवामान, बाजारभाव, व्हिडिओ, सगळं फुकट.

"एक पैसा घेणार नाही," साहेबांनी छाती ठोकून सांगितलं. "यात तुमचं नुकसान कोणी दाखवून द्यावं, मी आल्या पावली परत जातो."

तरण्या पोरांनी भराभर मोबाइल काढले. एवढ्यात कोपऱ्यात गळ बांधत बसलेली म्हातारी चांगुणाबाय उठली. तिने गळाला एक टपोरी कोळंबी लावली आणि साहेबांच्या नाकासमोर धरली.

"साहेब, ही कोळंबी आम्ही माशाला देतो. त्याचे किती पैसे घेत असू?"

साहेब खो खो हसले. "माशाकडून कसले पैसे घेणार, बाई? त्याला फुकटच की!"

"मग मासा फायद्यात म्हणायचा ना?"

पोरांनी मोबाइल गुपचूप खिशात घातले. साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण समोर लोंबणारा गळ दिसताच पटकन मिटून घेतलं.