चामड्याचा, सुताचा की नायलॉनचा?

“मग साखळीच घालू का, बाबा?”

जोतिरामने हे विचारलं, तेव्हा म्हाळूबाबा खंडोबाच्या देवळाच्या पायरीवर बसून भाकरी दुधात कुस्करत होते. भाकरी जोतिरामसाठी नव्हती, त्याच्या कुत्र्यासाठी होती.

“साखळी?” बाबा हसले. “लोखंडाचा लंगर मी दर दसऱ्याला तोडत आलो, तो बी एका हिसक्यात. साखळीचं मला नको सांगूस.”

आणि ते खरंच होतं. म्हाळूबाबा या टेकडीवरचे जुने वाघ्या. तरणेपणी ते देवापुढे लंगर तोडायचे तेव्हा चार गावची माणसं श्वास धरून उभी राहायची. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि दंडाचं कातडं लोंबत होतं, पण गळ्यातली भंडाऱ्याची पिशवी तीच होती. त्यांच्या शेजारी बसलं की हळदीचा वास यायचा, आणि जोतिरामला एकदम दहा वर्षांचं झाल्यासारखं वाटायचं.

त्या वयात तो बाबांच्या मागे तुणतुणं घेऊन जागरणाला बसायचा. बाबा दिमडी वाजवायचे, तानूबाई मुरळी घोळ वाजवत पुढे यायची, आणि पाच उसांच्या मांडवाखाली पहाट कधी व्हायची ते कळायचं नाही. काय ते दिवस होते! खिशात दमडी नसायची आणि झोपेचा पत्ता नसायचा, तरी कोणी कुरकुरायचं नाही.

पुढे जोतिराम पोलिसांत गेला. तिथल्या श्वानपथकात त्याने नाव कमावलं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं सारं जग म्हणतं. जोतिरामने म्हणे ते सरळ करून दाखवलं होतं. निदान तो स्वतः तसं सांगायचा, आणि निवृत्त झाल्यापासून जरा जास्तच सांगायचा.

असा हा माणूस आज एका गावठी कुत्र्यापुढे टेकीला आला होता.

कुत्र्याचं नाव गुंड्या. ते जोतिरामच्या बायकोने, गजराबाईने ठेवलेलं. पिल्लूही तिनेच आणलेलं, दूधही तिनेच पाजलेलं. गेल्या पावसाळ्यात गजराबाई गेली आणि गुंड्या जोतिरामच्या वाट्याला आला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ओढाताण. जोतिराम त्याला कालव्याच्या कडेने न्यायचा. सरळ, मोकळा, फिरवण्याजोगा रस्ता. गुंड्या मात्र पहिल्याच वळणावर उलटा फिरायचा आणि हमरस्त्याकडे ओढायचा. चामड्याचा पट्टा त्याने तोडला. सुताचा चावून काढला. नायलॉनच्या पट्ट्यातून मान काढून घेतली. दोन दिवसांपूर्वी तो असाच सुटला आणि उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचला. ड्रायव्हरने शिव्या दिल्या, त्या जोतिरामने मान खाली घालून ऐकल्या.

त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वीटभट्टीवाल्याशी बोलून ठेवलं. भट्टीवाला उद्या सकाळी गुंड्याला न्यायला येणार होता. तिथे राखणीची कुत्री जन्मभर खुंट्याला बांधलेली असतात. पण जिवंत तर असतात, असं जोतिराम स्वतःला समजावत होता.

पण मन घेईना. म्हणून आज तो टेकडी चढून आला होता. गुंड्याच्या गळ्यात तात्पुरती साखळी होती आणि जोतिरामच्या खांद्याला एक पिशवी. पिशवीत पट्टेच पट्टे. चामड्याचा नवा, जाड सुताचा, नायलॉनचा दुहेरी, अंबाडीचा हाताने वळलेला. एकेक बाहेर काढून त्याने बाबांना त्याचे गुणदोष सांगितले. चामडं हाताला मऊ, पण पावसात भिजलं की कडक होतं. सूत घाम शोषतं, पण दातापुढे टिकत नाही. नायलॉन तुटत नाही, पण जोरात ओढलं तर हात सोलून काढतं.

“डोळे बांधा माझे,” तो म्हणाला, “आणि कुठलाही पट्टा हातात द्या. बोट लागताक्षणी सांगतो, कशाचा आहे ते. हा हातच तसा तयार झालाय, बाबा.”

“असं?”

“पण या गुंड्यासाठी कुठला, ते काय उमगत नाही.”

बाबांनी दुधाची वाटी पुढे सरकवली. गुंड्या चाटू लागला, तसा त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला. साखळीखालचे केस गेले होते. बाबांचा हात तिथे थोडा वेळ थांबला.

“वढतो कुठं ह्यो?”

“हमरस्त्याकडं.”

“हमरस्त्यावर काय हाय?”

“काय नाही. गाड्या आहेत.”

“जोत्या, ताकाला येऊन भांडं लपवू नये.”

जोतिरामने एक पट्टा उचलून पुन्हा पिशवीत टाकला. मग दुसरा.

“पलीकडं गिरणी आहे,” तो शेवटी म्हणाला. “पिठाची.”

“मग?”

“ही जायची तिथं. रोज संध्याकाळी. दळण असो की नसो, डबा काखेत मारून जायची. बायकांचा अड्डाच होता तो. गुंड्या जायचा संगं. घरी यायचा तेव्हा नाकाला पीठ...”

गुंड्या पांढरं नाक घेऊन आला की गजराबाई पदराने ते पुसायची, आणि जोतिराम बाजेवरून म्हणायचा, आले बघा गिरणीचे मालक. रोज तोच विनोद, आणि रोज ती हसायची. तेव्हा त्याचं काही विशेष वाटलं नव्हतं.

“तू गेला व्हतास का? ती गेल्यावर?” बाबांनी विचारलं.

“कुठं?”

“गिरणीवर.”

“...पीठ पिशवीतलं मिळतं आता. दुकानात. तयार.”

देवळामागे कुठेतरी एक शेळी ओरडली. जोतिराम आपल्या पायांकडे बघत राहिला.

मग बाबांनी पिशवी जवळ ओढली. आत हात घालून हाताला लागला तो पट्टा काढला, त्याचं एक टोक स्वतःच्या गळ्याभोवती घेतलं आणि कडीत अडकवलं. दुसरं टोक त्यांनी जोतिरामच्या हातात दिलं.

जोतिराम ताडकन उभा राहिला. “बाबा, हे काय? काढा ते. पाप लागंल मला.”

“कसलं पाप? आमी देवाची कुत्रीच. चंपाषष्ठीला भिक्षेचा कोटंबा मधी ठिऊन कुत्र्यावानी भुकलोय मी, साऱ्या गावादेखत. तू तवा टाळ्या वाजवत व्हतास.” बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल. फिरवून आण मला.”

गुरूची आज्ञा. जोतिरामने गुंड्याची साखळी खांबाला अडकवली आणि पट्टा धरला. सबंध नोकरीत एवढा घाबरला नसेल. काय करावं ते न सुचून तो सवयीने वळला, देवळाला वळसा घालणाऱ्या फरसबंद वाटेकडे. वाट सपाट होती, म्हाताऱ्या माणसाला सोपी.

बाबा वळले उलटे.

पट्टा ताणला. बाबांच्या घशातून खोकल्याचा आवाज आला. जोतिरामने झटकन हात पुढे केला, पट्टा सैल सोडला, आणि बाबा जिकडे निघाले तिकडे तो त्यांच्यामागे निघाला.

वाट खडबडीत होती. बाबांना नीट दिसत नव्हतं. जोतिरामची नजर त्यांच्या पावलांवर खिळली. दगड आला की तो आधी “दगड” म्हणायचा. बाबा थांबले की थांबायचा, चालले की चालायचा. ते दम खात तेव्हा तोही दम खात होता. बाबांची कंबर किती वाकलीय, ते त्याने आजवर पाहिलंच नव्हतं. पायथ्याच्या गावांत रात्री जागरणाला चालत जायचे तेव्हा याच माणसाला गाठायला त्याला पळावं लागायचं.

बाबा चिंचेखाली जाऊन थांबले.

जोतिरामने ती चिंच ओळखली. जत्रेतलं जागरण इथेच व्हायचं. बाबा बुंध्याला टेकून बसायचे, त्याच जागी ते आता बसले. उजव्या बाजूला मात्र त्यांनी हातभर जागा सोडली. हाताने तिथला पाला बाजूला केला, एक खडा उचलून लांब टाकला.

तिथे तानूबाई बसायची.

तिला जाऊन किती वर्षं झाली, ते जोतिरामला आठवेना. मातीलाही तो आला नव्हता. बंदोबस्त होता कुठला तरी. बाबांना बरं वाटावं असं काहीतरी बोलावं, असं त्याला फार वाटलं. तो नुसता जवळ बसला. बाबा अगदी हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होते. मध्येच थांबत होते, जणू पुढची ओळ दुसऱ्या कोणी म्हणायची आहे. त्या रिकाम्या जागेत जोतिरामला घोळाचा आवाज आठवला, उसाच्या मांडवाचा ओला वास आठवला, आणि गजराबाईचं हसणं आठवलं. डोळे वाहू लागले ते त्याने पुसले नाहीत.

“रोज येता इथं?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“रोज.”

ऊन उतरलं तसे बाबा उठले. जोतिरामही उठला. परतीच्या वाटेत बाबा एकदा एका बोरीपाशी उगाच थांबले. जोतिरामही उगाच थांबला.

देवळाशी गुंड्या साखळीत बसून त्यांच्याकडेच बघत होता. बाबा पायरीवर टेकले, कडी सोडली, पट्टा गळ्यातून काढून पिशवीत टाकला आणि पिशवीचं तोंड मिटलं.

जोतिराम त्यांच्या पायाशी बसला. त्याचं मन हलकं झालं होतं. पण सकाळी भट्टीवाला येणार होता, आणि ज्या कामासाठी आला ते काम तसंच राहिलं होतं.

“बाबा, मग गुंड्यासाठी कुठला घेऊ?”

“आत्ता तुझ्या हातात कसला व्हता?”

जोतिरामने उत्तरासाठी तोंड उघडलं. चामडं... नाही. सूत? त्याने आपला तळवा डोळ्यांसमोर धरला. बोटं एकमेकांवर घासून पाहिली. इतका वेळ धरलेला पट्टा, आणि या हाताला काही म्हणता काही आठवेना. त्याने पिशवीकडे हात नेला. बाबांनी ती अलगद आपल्याकडे ओढून घेतली.

“...सांगता यायचं नाही, बाबा.”

म्हाळूबाबांनी भंडाऱ्याची चिमूट काढली. आधी गुंड्याच्या कपाळाला लावली, मग जोतिरामच्या.

“जाताना मला गळ्यात पट्टा कळला व्हता, जोत्या. येताना न्हाई कळला.”